शेजारच्या खुर्चीत कोण?

कर्जाची हजारएक प्रकरणं मी नोकरीत हातावेगळी केली असतील. रिक्षा, म्हशी, पिठाची गिरणी, मुलीचं लग्न. माणसं कशाकशासाठी बँकेत येतात! पण २०२४ च्या जून महिन्यात आमच्या बदलापूरच्या घरी जो अर्ज आला, त्याने मला जेवढं अडवून ठेवलं तेवढं दुसऱ्या कुठल्या प्रकरणाने क्वचितच ठेवलं असेल. अर्जदार : आमची नात, वय वर्षं सहा, पहिलीत जाणारी. मागणी : ‘मुंजा’ सिनेमा पाहायचा आहे. कारण : ‘बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी पाहिलाय.’

चौकशीअंती ‘सगळे’ म्हणजे दोघे निघाले. त्यातल्या एकाने अर्धा सिनेमा आईबरोबर थिएटरच्या बाहेर पॉपकॉर्न खात काढला होता. असो. सिनेमा ७ जूनला लागला होता आणि घरात लगेच चार मतं तयार झाली होती. सूनबाई म्हणाली, ‘‘मुळीच नाही. रात्री जागायचं मला आहे.’’ चिरंजीव म्हणाले, ‘‘बघू.’’ सौ.नी तिन्हीसांजेला मुंज्याचं नाव घ्यायला बंदी केली. नातू अकरा वर्षांचा. तो जाणारच, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला गोष्टींतलं काही कळत असावं, हा घरच्यांचा एक गोड गैरसमज आहे आणि मीही तो इतकी वर्षं दूर केलेला नाही.

मुंजा तसा आमच्या ओळखीचा. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, हे मला माझ्या आईने सांगितलं. वाल सोलता सोलता ती गोष्टी सांगायची. वेताळ, हडळ, मुंजा अशी तिची सगळी मंडळी त्या सोललेल्या वालांबरोबर परातीत पडायची. तिची एक हातोटी होती, ती मला फार उशिरा कळली. तिची बोटं वालावर असायची, पण डोळे आमच्या तोंडावर. आमच्यापैकी कोणाचे डोळे जरा जास्त मोठे झाले की तिचा मुंजा एकदम भुकेला व्हायचा आणि गूळपोळी मागायचा. कोणी जांभई दिली की पिंपळाची फांदी हलायची. तीच गोष्ट थोरल्याला वेगळी, धाकटीला वेगळी.

सिनेमाला हे जमत नाही. समोर अंधारात सहा वर्षांची मुलगी बसली आहे की साठ वर्षांचा म्हातारा, हे त्याला दिसत नाही. तो त्याच वेळेला, तेवढ्याच आवाजात अंगावर येतो. म्हणून सरकारने त्याच्या कपाळावर शिक्का मारायची पद्धत काढली असावी. आपल्याकडे १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आहे. पुष्कळ वर्षं त्यात दोनच प्रमुख शिक्के होते : ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे प्रौढांसाठी. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका लघुपटाला ‘ए’ मिळालं, म्हणून ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० साली न्यायालयाने सांगितलं की सिनेमा पुस्तकापेक्षा वेगळा आहे, तो डोळ्यांतून आणि कानांतून एकदम आत शिरतो, तेव्हा वयाप्रमाणे वर्गवारी करण्यात गैर काही नाही. पुढे १९८३ साली मधला ‘यूए’ आला. बारा वर्षांखालच्या मुलांनी आईवडिलांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा त्याचा अर्थ. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन या ‘यूए’चेही तीन भाग झाले : सात, तेरा आणि सोळा वर्षांवरच्यांसाठी. ‘ए’ असेल तर मुलाला दारावर अडवणं थिएटरचं काम. ‘यूए’मध्ये मात्र अडवायचं की नाही, हे आईबापांवर सोपवलेलं आहे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर वरच्या कार्यालयाने ‘शाखाधिकाऱ्याने आपल्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा’ असा शेरा मारून फाइल परत पाठवली आहे. असा शेरा आला की पोटात गोळा यायचा, तो मला आठवतो. ‘मुंजा’ला ‘यूए’च होतं.

मी फाइल हातात घेतली आणि दुसरीच एक जुनी फाइल उघडली गेली.

१९९३ साली आम्ही अंबरनाथला चाळीत राहत होतो. मी रोज फोर्टातल्या शाखेत जायचो. त्या वर्षी महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ आला. मराठी माणसाला त्यातला तात्या विंचू काही वेगळा सांगायला नको. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि बाहुला सुरा घेऊन हिंडतो, ही मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या अमेरिकन चित्रपटातली. पण आपल्याकडे त्यात लक्ष्मीकांत बेर्डे असल्यामुळे तो हसण्याचा सिनेमा, अशी आम्हा मोठ्यांची पक्की समजूत. बाहुला रामदास पाध्यांचा. ज्या घरातल्या अर्धवटरावाने पोरांना खदाखदा हसवलं, त्याच घरातून तो आलेला. मग त्याला काय भ्यायचं?

मी आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन उल्हासनगरला गेलो. उल्हासनगर म्हणजे त्या काळी आमचं सिनेमाचं गाव. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या लष्करी छावणीच्या बराकींत आले आणि त्यांनी त्या कॅम्पाचं हां हां म्हणता शहर करून टाकलं. कापड, फर्निचर, मिठाई, पापड आणि थिएटरं. तिथल्या काही चौकांची नावंसुद्धा थिएटरांवरून पडली आहेत; व्हीनस चौक त्यातलाच. रविवारी दुपारचा खेळ, बाल्कनीची दोन तिकिटं, खिशात चणे. मी अगदी खुशीत होतो.

बाहुल्याने पहिल्यांदा मान वळवली तेव्हा चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, घरी जाऊ.’’ मी म्हटलं, ‘‘अरे, गंमत आहे.’’ दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी म्हटलं, ‘‘पैसे दिलेत आपण.’’ तिसऱ्यांदा ते काही म्हणालेच नाहीत. मला वाटलं, रमले.

त्यानंतरचे दीड-दोन महिने घरात जे झालं ते फार सांगण्यासारखं नाही. शोकेसमधली बाहुली आधी पाठमोरी झाली, मग कपाटात गेली, मग शेजारच्यांकडे. चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला. रात्री तिथवर जायची त्याची छाती होईना. अंथरूण ओलं व्हायला लागलं. आणि मी, लोक ज्याला समजूतदार साहेब म्हणायचे तो मी, त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘सात वर्षांचा घोडा झालास, लाज नाही वाटत?’’

ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना विनोद म्हणून सांगत असे. चिरंजीवही हसायचे.

‘मुंजा’च्या निमित्ताने मी ती पुन्हा सांगायला लागलो, तेव्हा मात्र ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘बाबा, मला त्या बाहुल्याचं आता फारसं काही आठवत नाही. मी तुमचा हात धरला होता. तुम्ही टाळी वाजवायला तो सोडवून घेतलात, ते आठवतं. सगळं थिएटर हसत होतं आणि तुम्हीही.’’

मला हे अजिबात आठवत नाही. टाळी वाजवली असेन. त्या सिनेमाला सगळेच वाजवत होते. एकतीस वर्षांनी एखादं खातं असं निघावं, ज्याची आपल्या वहीत नोंदच नाही, आणि समोरच्याच्या पासबुकात मात्र तारखेसकट आहे! मी ‘‘अरे, तेव्हा...’’ एवढं बोललो आणि थांबलो. सूनबाईने विषय बदलून चहा टाकला.

आणि याच मुलाची भीती आमच्याच घरात एकदा किती निगुतीने हाताळली गेली होती! तो चारएक वर्षांचा असताना माझी आई त्याला अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन जायची. वालधुनीच्या काठचं हे शिलाहारांचं देऊळ शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. त्याचा गाभारा सभामंडपाच्या खाली आहे. वीसेक पायऱ्या अंधारात उतरून जावं लागतं. बाहेरच्या उन्हातून एकदम आत आलं की मोठ्या माणसालाही क्षणभर काही दिसत नाही. चिरंजीवांनी पहिल्या दिवशी वरच्या पायरीवर बैठक मारली आणि भोकाड पसरलं. आईने त्याला ओढलं नाही, ‘देव काय खातो का तुला’ असंही विचारलं नाही. तीही तिथेच बसली. म्हणाली, ‘‘आपण इथूनच नमस्कार करू. देवाला वरचं ऐकू येतं.’’ पुढच्या वेळी दोन पायऱ्या. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा वरूनच, कारण त्या दिवशी त्याला नको होतं. श्रावण संपता संपता एका सोमवारी तो आपणहून खाली गेला आणि वरती येऊन आजीला म्हणाला, ‘‘तू पण ये, काही नाहीये.’’ तिच्यासारखं मला त्या बाल्कनीत का सुचलं नाही? तिकिटाचे पैसे, हे एक उत्तर आहे. ते खरं आहे आणि लाजिरवाणंही. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की बुडालेल्या पैशामागे आणखी पैसा घालू नका. तेव्हाची ती दोन तिकिटं मात्र मला बुडीत खाती टाकता आली नाहीत.

तेव्हा या वेळी मी रीतीने जायचं ठरवलं. कर्ज देण्याआधी जागेवर जाऊन पाहणी करतात, तशी पाहणी. एका बुधवारी सकाळच्या खेळाला मी एकटाच मल्टिप्लेक्समध्ये जाऊन बसलो. थिएटरात मोजून पंधरा माणसं. शेजारच्या रांगेत कॉलेजातली मुलं भुतापेक्षा एकमेकांनाच जास्त घाबरवत होती. आदित्य सरपोतदारांनी कोकण छान दाखवलं आहे. मुंजा संगणकावर घडवलेला, खोडकर, ओंगळ; आमच्या आईच्या मुंज्याला गूळपोळी चालायची, याला बायको हवी आहे. दचकवणं पुष्कळ, हसवणंही पुष्कळ. मी मनातल्या मनात कागदावर खुणा करत होतो : हे चालेल, हे चालेल, इथे डोळे झाकावे लागतील.

माझी पेन्सिल अडली ती सुरुवातीच्याच एका प्रसंगावर. १९५२ सालचा प्रसंग आहे. तो मुलगा अजून मुंजा झालेला नाही, साधा माणसाचा मुलगा आहे. आवडलेली मुलगी मिळावी म्हणून तो रात्री रानात जादूटोणा करायला जातो आणि बळी द्यायला आपल्या लहान बहिणीला बरोबर नेतो. भूत वगैरे ठीक आहे हो. पण थोरला भाऊ रात्री धाकट्या बहिणीला रानात नेतो आणि तिच्यावर शस्त्र उगारतो, हे आमच्या नातीला दाखवायचं? जिचा दादा पलीकडच्या गादीवर झोपतो तिला? तिथल्या तिथे माझा निर्णय झाला. नातू जाईल, नात जाणार नाही.

या बाबतीत मोठ्यांचा अंदाज नेहमीच चुकत आला आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोआन कँटर या बाईंनी मुलं पडद्यावर कशाला भितात याचा कित्येक वर्षं अभ्यास केला. अमेरिकेत ‘हल्क’ची मालिका लागायची. त्यातला साधा माणूस फुगून हिरवा राक्षस होतो आणि संकटातल्यांना सोडवतो. आईबापांना वाटायचं, हा तर भला राक्षस. पण शाळेत न जाणारी पोरं नेमकी त्याच्या फुगण्याला टरकायची. त्या वयाला जे दिसतं तेच खरं. तो मनाने चांगला आहे वगैरे कळायला आणखी काही वर्षं जावी लागतात. मोठी मुलं मग उलट, खरोखर घडू शकेल अशा गोष्टींना भिऊ लागतात. आणि लहानाची भीती घालवायला ‘अरे, ते खोटं असतं’ हे व्याख्यान फारसं उपयोगी पडत नाही. जवळ घेणं, काही खायला-प्यायला देणं, हातात आवडती वस्तू असणं यांचा जास्त उपयोग होतो, असंही या बाई सांगतात. आमच्या आईने हे न वाचताच ओळखलं होतं.

शिक्के मारणाऱ्यांचीही तारांबळ काही कमी नाही. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ला ब्रिटनमध्ये १९३८ साली ‘ए’ मिळालं होतं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या नियमाने मुलांनी मोठ्या माणसाबरोबरच यावं. अमेरिकेतला ‘पीजी-१३’ हा शिक्का १९८४ साली निघाला, तो ‘ग्रेमलिन्स’ आणि ‘इंडियाना जोन्स’चा दुसरा भाग पाहून आईबापांनी आरडाओरडा केला म्हणून. त्या दुसऱ्या भागात माणसाचं हृदय उपटून काढतात आणि ते सगळं भारतात घडतं असं दाखवलंय, हा आपल्यावर आणखी एक अन्याय! पण कुठल्याच देशाच्या शिक्क्यावर ‘थोरला भाऊ असलेल्या मुलींसाठी नाही’ असं लिहिलेलं नसतं, आणि लिहिता येणारही नाही.

रात्रीच्या खेळाला कडेवर तान्हं घेऊन भुताचा सिनेमा पाहणाऱ्यांना मी पूर्वी नावं ठेवायचो. आता तितकी ठेवत नाही. एका खोलीत संसार, घरी बघायला माणूस नाही, आठवड्याला एक सुट्टी. त्यांनी काय करावं? माझं एवढंच म्हणणं असतं की कडेची खुर्ची घ्या आणि पोर रडलं तर उठा. त्याच्या उलट, मुलाला कसली म्हणून भीती दाखवायचीच नाही, असं मानणारेही आमच्या इमारतीत आहेत. तेही मला पटत नाही. भ्यायला मुलांना आवडतं. नाहीतर वालाच्या परातीभोवती आम्ही पुन्हा पुन्हा कशाला जमलो असतो?

नातू सिनेमाला गेला. नातीने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी दादाकडून सगळी गोष्ट काढून घेतली. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. ‘‘थांब,’’ ती म्हणायची, ‘‘आता मुंजा झोपलाय असं सांग.’’ तो बिचारा मुंज्याला झोपवायचा.

इथवर मी आपल्या पाहणीवर खूश होतो.

ऑगस्टात आमच्या गावाचं नाव देशभर गेलं. एका शाळेत अगदी कोवळ्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० ऑगस्टला माणसं बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरली. तासन्‌तास लोकल बंद राहिल्या. चिरंजीव ऑफिसला जाऊ शकले नाहीत. सकाळपासून आमच्या दिवाणखान्यात टीव्ही चालू होता. रोजचं स्टेशन, रोजचा पूल, ओळखीचे चेहरे दिसत होते, डोळे हलवत नव्हते. मीच रिमोट घेऊन या वाहिनीवरून त्या वाहिनीवर जात होतो. वार्ताहर काय काय शब्द वापरत होते! नात तिथेच जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. दीडशे रुपयांचं तिकीट काढून मुंज्याची पाहणी करून आलेल्या माणसाच्या ते दिवसभर लक्षातही आलं नाही. बातम्यांना शिक्का नसतो, ही काही सबब नव्हे.

पुन्हा शाळेला जायच्या दिवशी दप्तर भरताना ती आईला म्हणाली, ‘‘आज घ्यायला तूच येशील ना? दुसरं कोणी नको.’’ सूनबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिने रजा टाकली आणि पुढचे काही दिवस तीच शाळेत नेत-आणत राहिली. पहिल्या दिवशी तर शाळेच्या दारासमोरच्या कट्ट्यावर पूर्ण वेळ बसली होती. मधल्या सुट्टीत खिडकीतून दिसेल अशी. रोज थोडं थोडं मागे सरकत ती पंधरवड्याने घरी राहू लागली. अंबरनाथच्या पायऱ्यांची गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत नातीने जुना अर्ज पुन्हा काढला. ‘मुंजा’ आता घरच्या टीव्हीवर पाहता येत होता. चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, मी बसतो तिच्याशेजारी.’’ त्यांनी एकच केलं : सुरू करण्याआधी रिमोट तिच्या हातात दिला. कुठलं बटण दाबलं की थांबतं, कुठलं दाबलं की आवाज जातो, ते तिच्याकडून दोनदा करवून घेतलं. दिवे चालू, दुपारची वेळ. मी मागे आरामखुर्चीत होतो आणि रानातल्या त्या प्रसंगाची वाट पाहत होतो. तो आला. मी तिच्या मानेकडे पाहत होतो. ती चिवडा खात म्हणाली, ‘‘हा दादा वाईट आहे,’’ आणि पुढे बघू लागली. मुंजा आला तेव्हा तिने आवाज बंद केला. मुका मुंजा पाहून तिला हसू आलं, मग आवाज परत सुरू केला.

माझ्या कागदावर जिथे काहीच खूण नव्हती, तिथे तिने सिनेमा थांबवला. सुहास जोशींनी केलेली आजी नातवाला वाचवायला मुंज्याच्या आड येते आणि जाते, ती जागा. मी स्वतः आजोबा असूनही मला ती खुणेच्या लायकीची वाटली नव्हती. नात उठली. तिचे बाबा काही बोलले नाहीत, ‘खोटं असतं गं’ असंही नाही. रिमोट हातात घेऊनच ती स्वयंपाकघरात गेली. सौ. तिथे मेथी निवडत बसल्या होत्या. ही त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली आणि काड्या मोडून द्यायला लागली.

पडद्यावर सिनेमा तसाच थांबलेला. चिरंजीव सोफ्यावरून हलले नाहीत. अर्ध्या तासाने आतून आवाज आला, ‘‘बाबा, तुम्ही आहात ना तिथेच?’’

‘‘आहे गं,’’ ते म्हणाले.

‘‘मेथी झाली की येते.’’